चि. रेझिस्टर

१० ओहमचा, पाव वॅटचा एक रेझिस्टर घ्यावा आणि त्याच्या दोन टोकांना १२ व्होल्टचा सप्लाय जोडावा. करंट १.२ अँपिअर. रेझिस्टरवर उतरणारी पॉवर १४.४ वॅट, म्हणजे त्याच्या कुवतीच्या ५७ पटींहून जास्त. टेबलावर हा उद्योग केला तर अंगावरचे रंगीत पट्टे आधी सगळे एकाच रंगाचे होतात, मग धूर निघतो आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडतं, "काय उडवलंस रे?" हाच उद्योग सर्किट सिम्युलेटरवर केला तर पडद्यावर १.२ अँपिअरची सरळ रेघ येते. सप्लाय १,२०० व्होल्टचा केला तर १२० अँपिअर. रेझिस्टरवर आता १,४४,००० वॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे ७२ गीझर एका शेंगदाण्याएवढ्या वस्तूत. रेघ तशीच सरळ. रेझिस्टरला घामसुद्धा नाही.

अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम अशी सात चिरंजीवांची यादी प्रसिद्ध आहे. आठव्या जागेवर मार्कंडेयाला बसवतात. नवव्या जागेसाठी या रेझिस्टरचा अर्ज विचारात घ्यायला हरकत नाही. अश्वत्थाम्याच्या कपाळावर निदान भळभळती जखम तरी आहे. याच्या अंगावर ओरखडा नाही.

या अमरत्वाचं मूळ शोधायचं तर कॅलिफोर्नियात जावं लागतं. बर्कलीच्या विद्यापीठात १९६९-७० च्या सुमाराला रॉन रोहरर यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सर्किट सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं कॅन्सर. पोरांनी आद्याक्षरं जुळवून हे नाव बेतलं होतं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ होता 'किरणोत्सर्ग वगळून'. त्या काळी असे बरेच प्रोग्रॅम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिले जात, आणि त्या खात्याला मुख्य काळजी ही की अणुबाँबच्या किरणोत्सर्गात आपली सर्किटं टिकतील का. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पेटलेल्या बर्कलीत असल्या चौकशा होणार नाहीत, हे पोरांनी नावातच सांगून टाकलं. पुढे लॉरेन्स नॅगेल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली त्याच प्रोग्रॅमचा स्पाइस केला. १९७३ साली कॅनडातल्या वॉटर्लूच्या परिषदेत तो जगापुढे आला, १९७५ मध्ये स्पाइस-२ आला आणि १९८९ मध्ये सी भाषेत लिहिलेला स्पाइस-३. पेडरसन यांनी तो मागेल त्याला वाटला, म्हणून आज सर्किट सोडवणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम याच घराण्यातला निघतो. कुणी नाव बदललं, कुणी चेहरामोहरा बदलला, पण पूर्वजांचा एक गुण सगळ्यांनी जपला. कोण कशाने मरतं, ही चौकशी करायची नाही.

त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. स्पाइस लिहिला गेला तो चिप बनवणाऱ्यांसाठी. त्यांना पाव वॅट आणि अर्धा वॅट या वादात रस नव्हता. ट्रान्झिस्टर किती वेगाने चालू-बंद होतो, अ‍ॅम्प्लिफायर किती वाढवून देतो, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेही पंच कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटर केंद्रात देऊन. प्रोग्रॅमचं काम किरखॉफचे नियम पाळून समीकरणं सोडवायचं. किरखॉफच्या नियमांत करंट आहे, व्होल्टेज आहे. धूर नाही.

तापमान आहे, पण तेही सोवळ्यातलं. स्पाइसमध्ये कुणी काही सांगितलं नाही तर सगळे भाग २७ अंश सेल्सिअसवर असतात आणि शेवटपर्यंत २७ वरच राहतात. रेझिस्टरवर एक लाख वॅट ओता, तो २७. विदर्भातल्या शेतात, मे महिन्यात, पत्र्याच्या पेटीत बसवायचा सोलर पंपाचा कंट्रोलर असला तरी २७. डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम तापमान बदललं तर बदलतं, पण मग बहुधा सगळ्यांचं एकदम. आपल्याच उष्णतेने आपण तापावं, ही मुभा जुन्या स्पाइसमधल्या कुठल्याही भागाला नाही.

नमुन्यादाखल एका डायोडची कुंडली मांडता येईल. १एन४१४८ हा जगातल्या सर्वांत खपाऊ डायोडांपैकी एक. काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा, किंमत रुपया-दोन रुपये. एलटीस्पाइस या लोकप्रिय सिम्युलेटरच्या यादीत याची एका ओळीची नोंद आहे. ओळीचा पहिला भाग शास्त्रीय: गळतीचा करंट २.५२ नॅनोअँपिअर, आतला रेझिस्टन्स ०.५६८ ओहम, मग आणखी तीन-चार आकडे. हे आकडे समीकरणांत जातात. ओळीचा उत्तरार्ध व्यावहारिक: सरासरी करंट २०० मिलिअँपिअर, जास्तीत जास्त उलटं व्होल्टेज ७५, बनवणाऱ्याचं नाव, जात सिलिकॉन. हा भाग समीकरणांत जात नाही. डायोड निवडताना समोर जो तक्ता उघडतो त्यात तो दिसावा म्हणून लिहिलेला आहे. थोडक्यात, लग्नाच्या बायोडेटात 'निर्व्यसनी' लिहिलेलं असतं तसं.

परिणाम असा की याच डायोडला १२ व्होल्ट सुलटे जोडले तर सिम्युलेटर १९ अँपिअर काढून देतो. तांदळाच्या दाण्यातून जवळजवळ २३० वॅट. आणि १०,००० व्होल्ट उलटे जोडले तर गळतीचा करंट बारा-तेरा नॅनोअँपिअरच्या आसपास येतो, त्यातलाही मोठा हिस्सा गणित सुरळीत चालावं म्हणून सिम्युलेटरने स्वतःच्या पदरचा घातलेला. डायोडच्या ओळीत ७५ हा आकडा लिहिलेला आहे. सिम्युलेटरने तो वाचलाही आहे. फक्त मनाला लावून घेतलेला नाही.

रेझिस्टरचंही तेच. एलटीस्पाइसमध्ये रेझिस्टरवर राइट क्लिक केलं की पॉवर रेटिंगची एक चौकट उघडते. नव्याने लागलेला इंजिनिअर तिथे श्रद्धेने ०.२५ लिहितो. त्या चौकटीत काहीही लिहिलं तरी उत्तरात फरक पडत नाही. मात्र ज्याला खरंच जाणून घ्यायचं आहे त्याच्यासाठी एक सोय आहे: ऑल्ट दाबून त्या भागावर माउस नेला की बाणाच्या जागी थर्मामीटर येतं, आणि क्लिक केलं की त्या भागावर उतरणाऱ्या पॉवरचा आलेख दिसतो. नाडी पाहायची ती वैद्याने, आणि तीही आठवण झाली तर.

सर्वांत धाडसी मंडळी म्हणजे ऑप-अँप. १९७४ साली बॉइल, कोहन, पेडरसन आणि सॉलोमन या चौघांनी ऑप-अँपचं एक आटोपशीर मॉडेल मांडलं. आतले सगळे ट्रान्झिस्टर एकेक करून सोडवत बसण्यापेक्षा बाहेरून तसंच वागेल असं एक छोटं सोंग उभं करायचं, ही त्यातली खुबी, आणि त्या काळच्या कॉम्प्युटरांकडे पाहता ती फारच उपयोगी होती. पण सोंगाला पोट नसतं. या पद्धतीच्या ७४१ या ऑप-अँपला सप्लाय द्यायला विसरलं नाही म्हणजे झालं. डेटाशीट त्याच्या साध्या आवृत्तीला अधिक-उणे १८ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही, मॉडेलला अधिक-उणे १०० दिले तर ते आउटपुटही त्याच ऐटीत १०० च्या जवळ नेऊन ठेवतं. शिवाय लोडला दिलेला करंट ते सप्लायच्या पिनांतून घेत नाही. तो थेट ग्राउंडमधून उपसला जातो. वीजबिलाच्या दृष्टीने हा ऑप-अँप आदर्श म्हणावा लागेल.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे दुरुस्तीवाल्यांचा कंडेन्सर, खऱ्या जगात फार मानी. उलटा लावला तर फुगतो आणि डोक्यावर मुद्दाम पाडून ठेवलेल्या खाचांतून फुटतो. टँटलमचा उलटा लावला तर सरळ पेट घेतो. सिम्युलेटरमधल्या कपॅसिटरला दोन टोकं आणि एक किंमत असते, मानापमान नसतात. उलटा लावा, सुलटा लावा, दोन्हीकडून सारखाच हसतमुख.

या सगळ्याचा राग ज्यांना खरोखर आला त्यांत नॅशनल सेमिकंडक्टरचे बॉब पीस आघाडीवर होते. 'इलेक्ट्रॉनिक डिझाइन' या नियतकालिकातल्या त्यांच्या सदरात स्पाइसवर वर्षानुवर्षं कोरडे ओढलेले आहेत. हातात सोल्डरिंगची बंदूक असताना पडद्यावरच्या रेघेवर विश्वास कशाला ठेवायचा, असा त्यांचा एकंदर सूर. हा सूर केवळ शाब्दिक नव्हता. त्यांनी एक कॉम्प्युटर पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली फेकला आणि त्याची हकीकत सदरात वाचकांना कळवली. कॉम्प्युटरची सहनमर्यादा तपासण्याची ही पद्धत प्रत्येक ऑफिसला परवडेल असं नाही.

म्हणून बाकीच्या जगाने मधला मार्ग काढला. मॉडेलमध्येच मर्यादा लिहून ठेवायच्या आणि कुणी त्या ओलांडल्या की सिम्युलेटरने ओरडायचं.

एनजीस्पाइस हा स्पाइस-३ चा मुक्त वारस. पवईच्या आयआयटीत फॉसी या प्रकल्पाने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या ईसिम या फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात सर्किट सोडवण्याचं काम हाच करतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच पोरांची त्याच्याशी ओळख आहे, भले नावाने नसेल. एनजीस्पाइसमध्ये एक पर्याय चालू केला की रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर आणि मॉसफेट यांच्या टोकांमधलं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं का हे तपासलं जातं. मर्यादा अर्थात मॉडेलमध्ये आपण लिहायची. न लिहिल्यास सिम्युलेटर स्वतः एक मर्यादा धरतो, आणि ती म्हणजे अनंत.

यापुढची सोय अधिक मानवी आहे. एकाच भागाबद्दल किती वेळा तक्रार करायची याचीही एक मर्यादा आहे, आणि कुणी बदलली नाही तर ती पाच आहे. पाच वेळा सांगून ऐकलं नाही तर सिम्युलेटर गप्प बसतो. ज्याच्या घरात वडीलधारी माणसं आहेत त्याला हे औदार्य किती दुर्मिळ आहे हे वेगळं सांगायला नको.

तक्रार कधी करायची याचंही एक धर्मशास्त्र आहे. सिम्युलेटर उत्तर थेट काढत नाही, न्यूटन-राफसनच्या पद्धतीने अंदाज बांधत बांधत उत्तराशी पोचतो. वाटेत तो काय काय कल्पना करतो हे विचारू नये. पाच व्होल्टच्या सर्किटमध्ये त्याच्या मनात क्षणभर एखाद्या तारेवर भलतंच व्होल्टेज येऊन जातं, मग तो भानावर येतो. त्या क्षणी तपासणी केली तर बिचारा डायोड न केलेल्या गुन्ह्याबद्दल फासावर जाईल. म्हणून एनजीस्पाइस उत्तर पक्कं झाल्यावर, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस तपासतो. मनात आलेल्या पापाची नोंद नाही, हातून घडलेल्याचीच.

पीस्पाइस या आणखी एका सिम्युलेटरमध्ये याच कामाला एक स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचं नावच स्मोक आहे. इंजिनिअर लोकांचा एक जुना जागतिक विनोद आहे की सगळे भाग आतल्या धुरावर चालतात, कारण तो बाहेर आला की ते बंद पडतात. पीस्पाइसच्या कंपनीने तो विनोद मेन्यूत छापून टाकला. इथे प्रत्येक भागाची सरासरी, आरएमएस आणि कमाल किंमत त्याच्या मर्यादेशी ताडून पट्ट्या काढल्या जातात. मर्यादेच्या आत निवांत असेल तर हिरवी, शंभर टक्क्यांच्या जवळ पोचला तर पिवळी, ओलांडली की लाल. मुख्य म्हणजे ही तपासणी जंक्शनच्या तापमानापर्यंत आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या सेकंड ब्रेकडाउनपर्यंत जाते.

ही दुसरी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण मर्यादा लिहिणं म्हणजे मॉडेलमध्ये एक आकडा टाकणं, असं ज्यांना वाटतं त्यांचा भ्रम इथेच उतरतो.

२एन३०५५ हा जुना, दणकट पॉवर ट्रान्झिस्टर. अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर सप्लायमध्ये ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांच्या ड्रॉवरमध्ये एखादा तरी पडलेला असतोच. डेटाशीट सांगतं: ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. नवखा माणूस पहिल्या दोघांचा गुणाकार करून ९०० वॅटची स्वप्नं पाहतो. जाणता माणूस ११५ च्या पुढची बारीक अक्षरं वाचतो: ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीचं तापमान २५ अंश असेल तर. टोपी १०० अंशांवर गेली की ११५ चे ६६ होतात आणि २०० अंशांवर शून्य. आता भर दुपारी, बंद डब्यात, पॉवर ट्रान्झिस्टरची टोपी २५ अंशांवर ठेवायची तर त्याच्यावर बर्फ धरून एक माणूस उभा करावा लागेल.

डेटाशीटमधल्या मर्यादांचा मसुदा पाहिला की हिरण्यकशिपूचा वर आठवतो. ना दिवसा, ना रात्री. ना घरात, ना बाहेर. ना माणसाकडून, ना पशूकडून. इथे व्होल्टेज ६० च्या आत, करंट १५ च्या आत, वॅट ११५ च्या आत, टोपी थंड. सगळी कलमं चोख पाळली आहेत, आणि तरी व्होल्टेज चढं असताना ट्रान्झिस्टर जातो. आतल्या सिलिकॉनच्या एका कोपऱ्यात थोडी जास्त उष्णता होते, तापलेला कोपरा जास्त करंट ओढतो, जास्त करंटने आणखी तापतो, आणि सगळा करंट त्या एका ठिपक्यात गोळा होऊन तिथलं सिलिकॉन वितळतं. हाच सेकंड ब्रेकडाउन. खांबातून निघालेल्या नरसिंहाने कलमांच्या फटीत नेमकी जागा शोधावी तसा. स्पाइसमधलं ट्रान्झिस्टरचं नेहमीचं मॉडेल १९७० साली गमेल आणि पून यांनी बेल लॅबमध्ये मांडलेल्या समीकरणांवर उभं आहे, आणि त्या समीकरणांत हा नरसिंह नाही. तो बाहेरून, मर्यादेची वेगळी रेषा आखूनच आणावा लागतो.

मोठ्या ट्रान्झिस्टरचं सोडा, साधा रेझिस्टरही दोन मालकांचा नोकर असतो. एलईडी बल्बमध्ये किंवा चार्जरमध्ये २३० व्होल्टच्या मेन्सवर थेट दहा लाख ओहमचा एखादा रेझिस्टर लागतो. पॉवर मोजली तर ०.०५३ वॅट. ०८०५ मापाचा, म्हणजे दोन मिलिमीटर लांबीचा, सोल्डर करून चिकटवायचा रेझिस्टर साधारण ०.१२५ वॅटचा. निम्म्याहून कमी भार, म्हणजे हिरवी पट्टी. पण याच मापाच्या रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादा बहुधा १५० व्होल्ट असते, आणि मेन्सचा तर माथाच ३२५ व्होल्टवर पोचतो. वॅटवाल्या मालकाने शाबासकी दिलेला नोकर व्होल्टवाला मालक हाकलून देतो. असे रेझिस्टर काही महिने चालतात, मग एके दिवशी आतून तुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून चांगल्या चार्जरच्या बोर्डावर एका रेझिस्टरच्या जागी दोन किंवा तीन एकामागे एक लावलेले दिसतात. कुणाला वाटतं, एवढी उधळपट्टी कशाला. ती उधळपट्टी म्हणजे त्या दुसऱ्या मालकाचा पगार.

मर्यादा लिहिली तरी त्या मर्यादेपर्यंत जायचं का, हा पुढचा तंटा. कमाल मर्यादेचा तक्ता छापताना उत्पादक खाली स्पष्ट टीप देतात: याच्या पलीकडे गेलात तर कायमची इजा होऊ शकते, आणि या आकड्यावर भाग नीट काम करेलच असंही नाही. म्हणून शहाणे लोक आधीच थांबतात. याला डिरेटिंग म्हणतात. अंतराळयानात लावायच्या टँटलम कपॅसिटरला नासाच्या नियमाप्रमाणे त्याच्या छापील व्होल्टेजच्या निम्मंच द्यायचं असतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हा नियम नासाचं नाव न घेता पाळला जातो. १६ व्होल्टचा कंडेन्सर मागितला की काउंटरमागून उत्तर येतं, "किती व्होल्टवर लावणार? बारावर? मग पंचवीसचा न्या, दोन रुपयांनी काय होतंय." सिम्युलेटरने हे वाक्य त्याच सुरात म्हणायला शिकावं, यासाठी गेली कैक वर्षं खटपट चालू आहे.

आता समजा, कुणी नेटाने बसून सर्किटमधल्या झाडून सगळ्या भागांना मर्यादा लिहिल्या. डेटाशीट उघडून, पानं चाळून, २५ अंशांचे आकडे ५० अंशांवर उतरवून. पहिलं सिम्युलेशन चालवलं. तक्रारींची रांग लागते.

त्यातल्या निम्म्या खोट्या निघतात, आणि खोट्या असण्याचं कारणही तेच जुनं अमरत्व. मेन्सचं मॉडेल आदर्श, म्हणजे त्याला आतून रेझिस्टन्स नाही. तारा आदर्श. मेन्स माथ्यावर असताना जोडली गेली तर रिकामा कपॅसिटर भरण्यासाठी पहिल्या क्षणी ब्रिजमधल्या १एन४००७ डायोडमधून हजारो अँपिअर धावतात. डेटाशीट एका अर्ध्या आवर्तनापुरते ३० अँपिअर सोसायला परवानगी देतं. सिम्युलेटर ठणाणा करतो. खऱ्या बोर्डावर तिथे फ्यूजचा रेझिस्टर असतो, तारेचा रेझिस्टन्स असतो, कधी सुरुवातीचा करंट अडवणारा एनटीसी असतो, आणि डायोड सुखाने नांदत असतो. म्हणजे मर्त्य डायोड अमर मेन्सच्या तावडीत सापडला म्हणून ओरडला. एकालाच मरण दिलं की असे पेच होतातच. द्यायचं तर सगळ्यांना द्यावं लागतं.

उरलेल्या निम्म्या तक्रारी खऱ्या असतात, आणि त्यांच्यावर ऑफिसात होणारे उपाय ठरलेले आहेत. पहिला उपाय भाग बदलण्याचा. पण मोठा भाग बोर्डावर बसत नाही, आणि बसला तर पर्चेसवाले म्हणतात, जुन्या भागाची ऑर्डर गेली आहे. दुसरा उपाय मॉडेलमधली मर्यादा थोडी वर सरकवण्याचा. याला पर्चेसची परवानगी लागत नाही. तिसरा उपाय तपासणीच्या पर्यायाची खूण काढून टाकण्याचा, म्हणजे सिम्युलेटर पुन्हा पूर्वीसारखा गोड वागू लागतो. चौथा उपाय एक्सेलचा. सर्व भागांची यादी, मर्यादा, प्रत्यक्ष ताण आणि टक्केवारी यांची एक शीट रिव्ह्यूच्या आदल्या रात्री भरायची. या शीटमध्ये कुठलाही भाग ७९ टक्क्यांच्या वर जात नाही, कारण ८० ला रंग बदलतो.

काही जहाल मंडळी याही पुढे जातात. नुसती तक्रार नको, भागाने खरोखर मरावं, असा त्यांचा आग्रह. फ्यूजचं मॉडेल असं करता येतं: वाहिलेल्या करंटच्या वर्गाची बेरीज करत राहायची आणि ती ठरलेल्या आकड्याला पोचली की स्विच उघडायचा. फ्यूज वितळला. मग हाच न्याय इतरांना लावायचा तर प्रत्येकाच्या मरणाची तऱ्हा निराळी. रेझिस्टर बहुधा उघडा पडून मरतो, मॉसफेट आणि टँटलम शॉर्ट होऊन मरतात आणि जाता जाता शेजाऱ्यालाही घेऊन जातात. एवढं सगळं लिहून सिम्युलेशन चालवलं की मॉसफेट मरण्याच्या नेमक्या क्षणी करंट एकदम उसळी घेतो, सिम्युलेटर त्या उसळीचा पाठलाग करत वेळेचे टप्पे बारीक, आणखी बारीक करत जातो आणि शेवटी 'टाइम स्टेप टू स्मॉल' असं म्हणून स्वतःच आडवा होतो. मॉसफेटच्या मर्यादा तपासायला बसवलेल्या पंचाची मर्यादा आधी कळते.

या साऱ्या चौकशीतून एक पात्र सहीसलामत सुटतं, ते म्हणजे सप्लाय. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट सगळ्यांची झडती होते, पण १२ व्होल्टच्या सोर्सला तू इतका करंट आणलास कुठून, असं कुणी विचारत नाही. चुकून त्याच्या दोन टोकांमध्ये हजारांश ओहम राहिला तर तो १२,००० अँपिअर देतो. वर्कबेंचवर त्याच्या जागी दोन अँपिअरचा अडॅप्टर असतो. यावर सोर्समागे योग्य रेझिस्टन्स लावणं किंवा करंट अडवणारं मॉडेल लिहिणं हे खरे इलाज, पण संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मग फाईलमध्ये एक ओळ टाकली जाते: तारका, आणि पुढे 'सप्लाय दोन अँपिअरचा अडॅप्टर आहे, कृपया नोंद घ्यावी'. पंच कार्डांच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे तारकेने सुरू होणारी ओळ म्हणजे माणसांची आपसातली कुजबुज, ती स्पाइसने वाचायची नसते. सिम्युलेटर ती अदबीने ओलांडतो, पुढच्या ओळीवर जातो आणि मागितलेले १२,००० अँपिअर काढून देतो.